गणपतीच्या आधीचे दिवस

29 जुलै 2025, मंगळवार

आज नागपंचमी. चिरायचं नाही, कापायचं नाही, म्हणून करवत खुंटीला. वडील तर या दिवशी रंध्याला हातसुद्धा लावू देत नसत. पण गिऱ्हाइकाला पंचांग कुठे ठाऊक? सकाळीच वरच्या वाडीतल्या वहिनी आल्या. "मेस्त्रीनू, दार लागणा नाय, जरा रंधो मारून दिया."

पावसाळ्यात हे ठरलेलंच. लाकूड पाणी पितं, फुगतं आणि चौकटीत अडतं. अशा वेळी रंधा मारणारा मेस्त्री गिऱ्हाइकाला खूश करतो नि दाराचं वाटोळं करतो. मी सांगितलं, "आता रंधो मारलंय तर चैतात फटीतसून मांजर भितर येतला." दाराच्या कडेला मेण घासायला सांगितलं. दिवाळीपर्यंत लाकूड आपोआप आकसतं. तेव्हाही अडलं तर बघू. वहिनी नाराज होऊन गेल्या, पण जाताना अळूची जुडी ठेवून गेल्या.

3 ऑगस्ट, रविवार

हात कापायला लागला तेव्हा मोठी कामं सोडली. सरकारी नोकराला निवृत्तीचा कागद मिळतो, निरोप समारंभ होतो, पेन्शन चालू होते. सुताराला कोण निवृत्त करणार? वडील बलुत्यावर होते. वर्षभर नांगर-जू करायचं आणि कापणीनंतर खळ्यावरून भात आणायचं. मी रोजीवर आलो, मग ठेक्यावर. दोन मुलींची लग्नं, मुलाचं आयटीआय, हे चिऱ्याचं घर, सगळं रंध्याखालून निघालं. हिने माझ्या पैशांचा हिशेब ठेवला म्हणून निघालं, हेही लिहून ठेवतो. वाचायला ती येणार नाही. तिला माझं अक्षर लागत नाही.

10 ऑगस्ट, रविवार

शाळेतली बाकं. गुरुजींनी मजुरी विचारली. शाळेच्या कामाचे पैसे घेत नाही, पण अट एकच: सातवीतली पोरं मदतीला द्या. हीच अट एकट्या म्हाताऱ्यांच्या घरीही घालतो. काम फुकट, पण करवतीचं दुसरं टोक घरातल्या नाहीतर शेजारच्या पोराने धरायचं. लोकांना वाटतं, मेस्त्री हेका धरतो. वाटू दे. फुकटच्या कामाने गावाचं एक दार दुरुस्त होतं, शिकलेल्या पोराने पुढची पन्नास होतात.

पोरांना आज गुण्या धरायला शिकवला. एकाने विचारलं, सूत म्हणजे किती? इंचाचा आठवा भाग. मोबाइलवर मिलिमीटर असतात, पण आमच्या भागात लाकूड अजून सुतात बोलतं. मुलीही आल्या होत्या. रंधा सगळ्यांत सरळ त्यांच्यातल्याच एकीने मारला. बाकीच्यांची तोंडं बघण्यासारखी झाली.

19 ऑगस्ट, मंगळवार

मुंबईत पाणी भरलंय. मुलगा डोंबिवलीहून बोलला, कामावर गेला नाही. आता काळजी गणपतीला येण्याची. रेल्वेचं तिकीट वेटिंगवर आहे. महामार्गाचं चौपदरीकरण 2011 ला सुरू झालं, तेव्हा नातू जन्मलासुद्धा नव्हता. आता तो आठवीत आहे आणि रस्ता अजून चालूच आहे. एवढा वेळ मी घराच्या चौकटीला लावला असता तर गिऱ्हाइकाने मला चौकटीलाच बांधलं असतं.

पुतण्याचा मुलगा विश्वकर्मा योजनेचा अर्ज घेऊन आला. ही योजना 17 सप्टेंबर 2023 ला निघाली. अठरा धंदे आहेत, सुतार आहेच. प्रशिक्षणाला दिवसाचे 500 रुपये, हत्यारांसाठी 15,000 आणि पहिलं कर्ज लाखाचं, 5 टक्क्यांनी. आमच्यात विश्वकर्मा जयंती माघात करतात, सरकार सप्टेंबरात करतं. पैसे वेळेवर आले तर दोन्ही करू. पोरगा बारावी झालाय, हात चांगला आहे. "आजोबा, यात राउटर घेऊ की ड्रिल?" म्हणाला. आधी करवतीचे दात पाडायला शीक म्हटलं. मग तीनधारी कानस घेऊन बसलो. एक दात या अंगाला, पुढचा त्या अंगाला. सगळे दात एका रेषेत राहिले तर करवत स्वतःच्याच चिरेत अडकते. दिवेलागणीपर्यंत त्याने निम्मी पाडली. बोटं सोलवटली, पण उठला नाही.

24 ऑगस्ट, रविवार

माटवी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची चौकट. आमच्या घरची जुनी चौकट वाळवीने खाल्ली होती, नवी केली. बाजारात ॲल्युमिनियमची मिळते, हलकी असते. मला काही ती पटत नाही. सागाच्या इंचभर जाड पट्ट्या घेतल्या. जिथे त्या एकमेकींवर येतात तिथे दोन्हींना चार-चार सूत कोरलं, म्हणजे बसल्यावर वर-खाली कुठेच उंचवटा नाही. खिळा नाही, नुसती लाकडी मेख. कारण माटवीला आंब्याचे ओले टाळे, सुपारीची शिपटं, कवंडळं, शेरवडं, तवसं, नारळ असं सगळं लटकतं. त्या ओलीने खिळा गंजतो आणि त्याच्याभोवतीचं लाकूड काळं पडून कुजतं.

मेखा पोराने ठोकल्या. चौकट वाशाला टांगून मी तिला धरून लोंबकळलो. ही ओरडली, "अवो, वय काय तुमचा!" चौकट हलली नाही.

27 ऑगस्ट, बुधवार

गणपती आले. मुलगा, सून, नातू रात्रभर उभ्याने प्रवास करून पहाटे पोचले. रात्री वाडीत घरोघर भजनं, उसळ-पाव, चहा. पखवाजाला हात आता पुतण्याचा. मी झांजेवर. फार लिहायला उसंत नाही.

3 सप्टेंबर, बुधवार

काल गौरी-गणपती गेले, आज मुंबईकर गेले. घर मोकळं झालं तशी माळ्यावरची पेटी उतरवली. वडिलांचा वाकस, दोन पटाश्या, गिरमिट. पटाश्या पोराच्या हवाली केल्या. वाकस अजून देत नाही, आधी स्वतःचा पाय शाबूत ठेवायला शिकू दे. दुपारी भंगारवाला आला होता. त्याच्या टेम्पोत कुणाच्या तरी आजोबांची अख्खी पेटी किलोवर पडलेली. ती मी सोडवून घेतली.

ज्यांच्या माळ्यावर अशी हत्यारं आहेत त्यांना सांगणं एवढंच: विकण्याआधी गावातल्या शिकणाऱ्या पोराला दाखवा. पातं गंजलेलं असलं तरी चालेल, त्याला धार काढता येते. रंध्याचं लाकूड मात्र उभं चिरलं असेल, तर ते खुशाल चुलीत घाला.