आधी बर्फ कोणता?

आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक. बर्फावर स्की घालून आम्ही कधी उभे राहिलेलो नाही. परंतु 'रूपबंध' ही संज्ञा वर्षानुवर्षे शिकवताना तिची जी बाजू नेमकी हाती लागत नव्हती, ती आम्हांला स्कीच्या इतिहासात दिसली.

नॉर्वेच्या तेलेमार्क भागातील सोन्द्रे नोरहाइम हा एकोणिसाव्या शतकातला गरीब कूळ-शेतकरी. टोकांशी रुंद आणि मध्ये अरुंद, अशा कमनीय स्कीशी त्याचे नाव जोडले जाते. अशी स्की कुशीवर कलली की तिची कड बर्फात कंस कोरत वळते. 1990च्या दशकाच्या आरंभी स्लोव्हेनियातील एलान कंपनीने ही कंबर अधिक खोल केली आणि कोरीव वळण सामान्यांच्या आवाक्यात आले. स्कीचा मध्यभाग किंचित उचललेला असे. वजन पडताच दाब टोकांपर्यंत पसरे आणि पूर्ण कड घट्ट बर्फाला धरून ठेवी. आदर्श रूप जणू गवसले होते.

शेन मॅकॉन्कीने मात्र मूळ गृहीतकच तपासले. नुकताच पडलेला खोल, भुसभुशीत बर्फ जमिनीसारखा वागतो की पाण्यासारखा? तिथे कडेने पकडावे असे काही नसते. तिथे तरंगावे लागते. वॉटर-स्कीवरून स्फुरलेली त्याची 'स्पॅट्युला' व्होलांट कंपनीने 2002 मध्ये आणली. मध्ये रुंद, टोकांशी निमुळती, टोके वर वळलेली. म्हणजे रूढ रूपाच्या नेमकी उलट. घट्ट बर्फावर ती बेभरवशाची, खोल बर्फात मात्र मुक्त. 2009 मध्ये इटलीत मॅकॉन्कीचा अपघाती मृत्यू झाला. वर वळलेली टोके आज अनेक स्कींमध्ये रुळली आहेत. स्लालम शर्यतीच्या स्कीची कंबर सुमारे 65 मिलिमीटर, खोल बर्फासाठीच्या स्कीची बहुधा 110च्या पुढे. यांत श्रेष्ठ कोणती, हा प्रश्नच अपुरा आहे.

हे सारे आठवण्यास कारण घडले. ऊसतोडणीला जाणाऱ्या घरातील आमच्या एका विद्यार्थिनीचे लेखन वार्षिकांकाच्या संपादक मंडळाने 'रचना विस्कळीत' असा शेरा मारून परत केले. त्यात आरंभ, उत्कर्षबिंदू, शेवट असे काही नाही. कोपीतले महिने एकावर एक साचत जातात, कारण त्या जगण्यात वळण येतच नाही. घट्ट बर्फावरची फूटपट्टी इथे लावली गेली, असे आम्हांस वाटते.

याचा अर्थ सैलपणा सरसकट क्षम्य ठरतो, असा नव्हे. स्पॅट्युलाही मोजूनमापूनच घडवलेली होती. या लेखनातही दोन ठिकाणी वाक्ये रुततात. ते आम्ही तिला सांगितले आहे. पण लेखन कोठे रुतते हे कळण्यासाठी ते कशावरून चालले आहे, हे समीक्षकाला आधी ठाऊक हवे. मंडळाच्या पुढील बैठकीत ते लेखन आम्ही पुन्हा मांडणार आहोत, आणि रचनेविषयी बोलण्यापूर्वी एवढेच विचारणार आहोत.