चुकीचा विल्यम

नाशिकला रामकुंडावर आजोबांच्या अस्थी घेऊन गेलो तेव्हा मी अकरा वर्षांची होते. उपाध्यायांनी बाबांना आडनाव विचारलं, मूळ गाव विचारलं आणि लाल कापडात बांधलेली लांबोडकी वही काढली. दहा मिनिटांत पणजोबांच्या हातची सही समोर. खाली भाऊ किती, कुणाला मुलगे किती, सगळं ओळीनं. बाबांचे डोळे भरून आले. माझ्या डोक्यात मात्र पक्कं बसलं की वंशावळ अशीच मिळते: योग्य माणसाला आडनाव सांगायचं, तो वही उघडतो.

या भ्रमाच्या जोरावर मी सासूबाईंना ऐंशीव्या वाढदिवसाला त्यांच्या माहेरची वंशावळ द्यायचं कबूल करून बसले. (इथे नॉरिचला सासूला नावानं हाक मारतात, मीही मारते, मराठीत लिहिताना हात धजत नाही.) बाई पक्क्या नॉर्फकच्या. शेजारचा सफक परगणा त्यांच्या लेखी नकाशात नाहीच. सफकचा इप्सविच संघ हरला की त्यांना नॉरिच जिंकल्याइतकंच समाधान. ‘आमची माणसं इथून कधी हललीच नाहीत,’ हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. त्यांच्या गावात चकमकीच्या दगडांचा गोल मनोरा असलेलं जुनं चर्च आहे. म्हटलं, एक गाव, एक चर्च, एक वही. कितीसा वेळ लागणार?

सुरुवातीला खरंच वेळ लागला नाही. 1841ची खानेसुमारी घरबसल्या बघता येते. त्यात त्यांच्या पूर्वजांपैकी विल्यम सापडला: शेतमजूर, वय 65. मी जन्मसाल 1776 असं लिहून टाकलं. त्या खानेसुमारीत पंधरा वर्षांवरच्या माणसांचं वय पाचाच्या पटीत खाली ओढून लिहीत, म्हणजे 65 लिहिलेला माणूस 69चाही असू शकतो, हे मला नंतर कळलं. शेवटच्या रकान्यात नुसतंच एक अक्षर होतं, ‘एन’. नॉर्फक, दुसरं काय, असं म्हणून मी पुढे गेले.

सरकारनं जन्ममृत्यूची नोंद ठेवायला सुरुवात केली ती 1 जुलै 1837पासून. त्याच्या मागे जायचं तर पॅरिशच्या, म्हणजे एका चर्चच्या हद्दीच्या, वह्यांना पर्याय नाही. आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल यानं 1538 साली हुकूम काढला की प्रत्येक पॅरिशच्या पाद्र्यानं बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं लिहून ठेवावीत. बाप्तिस्मे म्हणजे जन्म नव्हेत, हा मला बसलेला पहिला धक्का. एका घरातल्या चार भावंडांना एकाच रविवारी उरकून घेतलेलं दिसलं तेव्हा मी त्यांना चक्क जुळ्यांच्या दोन जोड्या समजले होते.

या वह्या बघायला अभिलेखागारात शिरताना पिशवी कपाटात, पेनही कपाटात. आत फक्त पेन्सिल. वही मऊ उशांवर ठेवून देतात आणि पानं उलटू नयेत म्हणून कापडात शिवलेली वजनांची माळ, मंगळसूत्रासारखी, पानावर आडवी टाकायची. बाप्तिस्म्यांच्या 1813पासूनच्या वह्यांत छापील रकाने आहेत, बापाचा धंदा, राहायचं ठिकाण वगैरे. त्याआधीचा सगळा कारभार पाद्र्याच्या मर्जीवर. एक पाद्री नक्षीदार लिहितो, दुसऱ्याची ओळ पेंगत पेंगत खाली घसरते. विल्यमचा नुसता ‘डब्ल्यू’ आणि त्याच्या डोक्यावर चिमुकला ‘एम’. मागे जाल तसतसं अक्षर मोडीच्या वळणावर जातं. मला मोडी येत नाही आणि हेही येईना. सासूबाईंचं माहेरचं आडनाव मला पाच वेगवेगळ्या स्पेलिंगांत सापडलं. त्यातली दोन तर एकाच पानावर.

विल्यमचं लग्न मिळालं, 1798. दोघंही ‘या पॅरिशचे’. सहीच्या जागी फुली, शेजारी पाद्र्याच्या हातानं ‘विल्यमची खूण’. आपल्याकडच्या जुन्या कागदांवर कुणब्याच्या नावापुढे नांगराची निशाणी असते, ती आठवली. फुलीची एक रेघ जाड आणि एक अर्ध्यात तुटलेली; हाताला टाकाची सवय नसणार. त्याच गावात 1773च्या जूनमध्ये एका विल्यमचा बाप्तिस्मा होता, थॉमस आणि मेरीचा मुलगा. आडनाव तेच. वय दोन-तीन वर्षं इकडेतिकडे, पण वर सांगितलेल्या पाचाच्या पटीत चपखल बसलं. मी त्याला पकडलं आणि वर चढू लागले.

वर चढताना एक भानगडही हाती लागली. थॉमसच्या आजा-आजीचं लग्न मे 1724मध्ये, पण पहिल्या मुलाचा बाप्तिस्मा फेब्रुवारी 1724चा! रविवारच्या जेवणाला मी हे जरा चाचरतच सांगितलं. सासूबाई उजळल्या. ‘चला, आमच्या घरात काहीतरी घडलं म्हणायचं,’ म्हणत त्यांनी बटाटे पुढे सरकवले आणि संध्याकाळपर्यंत दोन बहिणींना फोन करून झाले.

पुढच्या खेपेला अभिलेखागारातल्या बाईंनी माझी वही पाहिली आणि हळूच सांगितलं की 1752च्या आधी इंग्लंडात वर्ष बदलायचं 25 मार्चला. म्हणजे 1724चा फेब्रुवारी त्या सालच्या डिसेंबरानंतर येतो. मे ते फेब्रुवारी, नऊ महिने पुरते. मी पाडव्याला वर्ष बदलणाऱ्या घरातली. फाल्गुन चैत्राच्या आधी की नंतर, हा घोळ निदान मी तरी घालायला नको होता. भानगड मागे घेतली तेव्हा सासूबाईंचा चेहरा उतरला तो उतरलाच.

त्याच बाईंनी विचारलं, ‘दफनाची वही पाहिलीत ना?’ नव्हती पाहिली. जन्म शोधणारा माणूस मरणं कशाला वाचेल? वाचली. 1773, ऑगस्ट. ‘विल्यम, थॉमस व मेरीचा मुलगा, तान्हा.’ एवढंच. पुढच्या ओळीत दुसरंच कुणीतरी म्हातारं. माझा विल्यम अकरा आठवड्यांचा होऊन गेला होता. तो 1798 साली फुली मारायला उभा राहणं शक्यच नव्हतं. तीन आठवडे मी दुसऱ्याच्याच पितरांना पिंड देत बसले होते.

मग कळलं की लग्नाच्या नोंदीतलं ‘या पॅरिशचे’ म्हणजे फक्त तेव्हा इथे राहणारे. नवरानवरीच्या बापाचं नाव त्या नोंदीत लिहायला लागले 1837नंतर. त्याआधी कोण कुणाचा हे आपणच जुळवायचं, आणि माझ्यासारखे हौशी जुळवतातच.

खरा विल्यम सापडला तो निराळ्याच गठ्ठ्यात. 1601च्या कायद्यानं प्रत्येक पॅरिशवर आपापल्या गरिबांना पोसायची जबाबदारी होती आणि त्यासाठी गावकऱ्यांवर पट्टी बसवत. मग हा गरीब नक्की कुठल्या गावचा, यावरून तंटे. 1662च्या कायद्यापासून परक्या गावच्या गरिबाला उचलून त्याच्या गावी पाठवता येई, आणि त्याआधी न्यायाधिकाऱ्यांपुढे त्याची जबानी घेत. मला हे उलटं वाटतं, पण आहे खरं: जो निमूट राबला त्याच्या तीन ओळी उरतात, बाप्तिस्मा, लग्न आणि दफन. ज्याच्यापायी गावाला पैसे मोजावे लागतील अशी धास्ती पडली, त्याचं अख्खं चरित्र लिहून निघतं.

1805 साली विल्यम आजारी पडला, बायको आणि तीन पोरं घेऊन मदत मागायला गेला आणि गावाला धास्ती पडली. एका पानाची जबानी. आपण ऐकलं आहे आणि मानतो त्याप्रमाणे आपला जन्म अमुक गावी झाला. लग्नाआधी इथल्या एका शेतकऱ्याकडे मायकेलमस ते मायकेलमस, म्हणजे सप्टेंबरअखेर ते सप्टेंबरअखेर, सालदार होतो आणि पुरा पगार उचलला. अविवाहित गड्यानं असं पुरतं वर्ष भरलं की तो त्या गावचा होई. म्हणून कित्येक शेतकरी एक आठवडा कमी ठेवूनच गडी नेमत. याचा धनी बरा निघाला. विल्यमला इथेच राहू दिलं. खाली तीच फुली, अर्ध्यात तुटलेली.

आणि ते ‘अमुक गाव’ नकाशावर शोधलं तेव्हा मला तो रकाना आठवला. घरी येऊन 1841चं पान पुन्हा उघडलं. रकान्याच्या डोक्यावर प्रश्न स्वच्छ छापलेला होता: याच परगण्यात जन्म झाला काय? उत्तर ‘एन’. म्हणजे नाही. पहिल्या दिवसापासून माझ्या टेबलावर पडलेलं.

वाढदिवसाच्या जेवणाला मी कागद उलगडला आणि विल्यमची फुली, त्याची जबानी, तीन पोरं असं सांगत सांगत शेवटी जन्मगावाशी आले. सासूबाईंनी काटा बशीत ठेवला.

‘सफक?’

कुणी काही बोललं नाही. नवरा ग्रेव्ही ढवळत राहिला.

‘तू आधीही एकदा चुकली होतीस,’ त्या म्हणाल्या. ‘नीट बघ. हाही चुकीचाच विल्यम असेल.’