अर्धी प्रार्थना दुसऱ्याची

सिरोंचा,
रविवार रात्र, ऑक्टोबर

प्रिय बाय,

तुझं पत्र मिळालं. आळीतला प्रार्थनागट आता बंद करावा का, असं तू विचारलं आहेस. येणाऱ्या सगळ्या साठीच्या पुढच्या बायका, तरुण कुणी फिरकत नाही, सगळी रोजरी एकीच्याच आवाजात होते, आणि ज्यांच्या घरी ठरलेलं असतं त्यांच्याकडून ऐन वेळी ‘या आठवड्यात नको’ असा निरोप येतो. त्यापेक्षा फोनवरच्या गटात रोजरीच्या पाच दशकांचं ध्वनिमुद्रण टाकावं, ज्याने त्याने सवडीने म्हणावं, असं कुणी सुचवलं आणि तुलाही ते पटत चाललं आहे. बंद करू नकोस, हे मी आधीच सांगून टाकते. कारण सांगायला मात्र थोडं लांबून यावं लागेल.

आपल्या वसईत देवळाच्या घंटेच्या टापूबाहेर जायचं म्हटलं तरी जमत नाही. इथे तसं नाही. सिरोंचा म्हणजे महाराष्ट्राचं टोक. प्राणहिता इथे गोदावरीला मिळते, पलीकडे तेलंगण, काठावर कालेश्वरचं देऊळ. जिल्ह्याचं गाव गडचिरोली दोनशेएक किलोमीटर लांब, मधे आलापल्लीचं जंगल. लोक घरात तेलुगू बोलतात, शाळेत मराठी शिकतात आणि आतल्या गावांतून दवाखान्यात येणाऱ्या बाया माडिया बोलतात. ख्रिस्ताचं नाव इथे नवं नाही. इंग्रजांच्या काळात अमेरिकन मेथडिस्ट मिशनने इथे शाळा काढली, दवाखाना चालवला. कॅथलिक मात्र आम्ही मूठभर, आणि तेही निरनिराळ्या दिशांनी आलेले.

आमचा गट म्हणजे कोण ते ऐक. दवाखान्यात माझ्याबरोबर काम करणाऱ्या केरळच्या दोघी परिचारिका. नदीपलीकडून येऊन इथे स्थायिक झालेलं एक तेलुगू कुटुंब. त्यातल्या आजींना आम्ही सगळ्या अम्मा म्हणतो. एक शिक्षक आणि त्यांची बायको, मूळचे नागपूरकडचे. आणि मी. रोजरी सुरू झाली की पहिल्या दशकाचा, म्हणजे पहिल्या दहा मण्यांचा, नमो मरिया अम्मा तेलुगूत म्हणतात आणि अर्ध्यावर थांबतात. उरलेला अर्धा आम्ही म्हणतो, मी आणि शिक्षक मराठीत, केरळच्या दोघी मल्याळममध्ये, सगळा एकदम. दुसऱ्या दशकाला पुढे मी, मागे तेलुगू. सुरुवातीला मला हे फार विस्कळीत वाटलं. सगळ्यांनी मराठीत म्हणावं, असं मी मनात धरून बसले होते. मग लक्षात आलं, की अम्मा कुठे थांबणार हे कळण्यासाठी मला त्यांच्याकडे कान द्यावा लागतो. लहानपणापासून पाठ असलेली, तोंडातून आपसूक सुटणारी प्रार्थना मी पहिल्यांदा ऐकू लागले.

बाय, ही प्रार्थना मुळात एकट्याने पूर्ण करण्यासारखी रचलेलीच नाही. तिचा पहिला भाग लूकच्या शुभवर्तमानातला. त्यातही दोन आवाज आहेत, आधी गॅब्रिएल दूताचा नमस्कार आणि मग डोंगराळ भागातल्या त्या म्हाताऱ्या, दिवस गेलेल्या एलिझाबेथचा आशीर्वाद. दुसरा भाग, जिथे आपण मरियेला आपल्यासाठी विनंती करायला सांगतो, तो ख्रिस्तसभेने शतकानुशतकं म्हणत म्हणत जोडला आणि पाचव्या पायस पोपने १५६८ साली रोमन प्रार्थनापुस्तकात आज आहे तसा कायम केला. दूताचं वाक्य, बाईचं वाक्य आणि मग आपल्या सगळ्यांचं. म्हणून ती म्हणतानाही पुढचा एक आणि मागचे बाकीचे अशी वाटणी असते. पुढचा थांबला नाही तर मागच्यांना जागा नाही. मागच्यांनी उचललं नाही तर पुढच्याचं वाक्य अधांतरी राहतं. एकटीने रोजरी म्हणता येत नाही असं नाही, रात्रपाळीत मीच म्हणते. पण तेव्हाही दुसऱ्या अर्ध्याला कुणीतरी हवं होतं असं वाटत राहतं.

आणि रोजरी हे गरिबांचं, निरक्षरांचं दान आहे, हे विसरू नये. मठांतले साधू दीडशे स्तोत्रं गात. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनी त्या जागी दीडशे वेळा नमो मरिया म्हटलं. अम्मांना अक्षर येत नाही. आमच्यात रहस्यं क्रमाने, न चुकता सांगणाऱ्या त्याच.

आता इथले फादर आणि कुर्बाना, म्हणजे इथली मिस्सा, यांविषयी. इथे आपला लॅटिन विधी नाही. वर्धा, चंद्रपूर, गडचिरोली हा चांदा धर्मप्रांत सिरो-मलबार परंपरेचा. ३१ मार्च १९६२ रोजी रोमने हा मुलूख केरळच्या सीएमआय या संघाच्या संन्याशांकडे सोपवला, पॉल पालाथुरुथी हे पहिले प्रमुख झाले. १९७७ साली त्याला पूर्ण धर्मप्रांताचा दर्जा मिळाला. प्राणहितेपलीकडचं आदिलाबादही १९९९ पर्यंत यातच होतं. मला यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. त्याच १९६२ च्या जुलैत केरळात सुरियानी भाषेतली कुर्बाना लोकांच्या मल्याळममध्ये होऊ लागली. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या न कळणाऱ्या भाषेत उपासना करणारी माणसं आपल्या भाषेत देवाशी बोलू लागली, त्याच वर्षी त्यांचे धर्मगुरू दुसऱ्यांची भाषा शिकायला या जंगलात निघाले. मल्याळी माणसाला मराठी, त्यातून सिरोंच्याला तेलुगूही शिकायची, हे सोपं नाही. कुणी धर्मगुरू इथे जड उच्चारांत मराठी शुभवर्तमान वाचतात तेव्हा वसईतल्या कुणी हसू नये, असं मला कळकळीने वाटतं.

मिस्सा रोज मिळत नाही, म्हणून संध्याकाळची घरातली प्रार्थना इथे जीव धरून आहे. केरळच्या मैत्रिणींकडून मला एका पत्राविषयी कळलं. सीएमआय संघाचे एक संस्थापक, संत चावरा कुरियाकोस एलियास यांनी १८६८ साली आपल्या कैनकरी या गावच्या लोकांना पत्र लिहिलं, एका बापाने मुलांना मृत्युपत्र लिहावं तसं. कर्ज कसं टाळावं, मुलांना कसं वाढवावं, मजुरांची मजुरी कशी द्यावी, असं सगळं त्यात आहे. आणि त्यातच हेही, की घरातल्या प्रार्थनेची ठरलेली वेळ कुणी पाहुणा आला म्हणूनही मोडू नये. मजुरी आणि प्रार्थना एकाच पत्रात! आमच्या या मैत्रिणी भाड्याच्या एका खोलीत राहतात, पण दिवेलागणीला दाराशी कुणीही आलं तरी म्हणतात, बसा, आमची प्रार्थना चालू आहे. आलेला माणूस बसतो. दोनदा-तीनदा तो शेजारचा मुसलमान दुकानदार होता. तोही टोपी सारखी करून शांत बसला.

तुझ्या गटाची खरी अडचण मला वेगळीच वाटते. माणसं कमी आहेत ही अडचण नाही. हेतू कसे सांगता ते तू लिहिलं नाहीस, पण मला आपली आळी माहीत आहे. ‘जगातल्या शांतीसाठी’, ‘आजाऱ्यांसाठी’, ‘पोप महाशयांच्या हेतूंसाठी’. चांगलंच आहे. पण आजारी कोण? इथे हेतू असा सांगावाच लागतो की दुसऱ्या दिवशी त्याचं काहीतरी करता येईल. २०२२ च्या जुलैत गोदावरीला पूर आला, नदीकाठची गावं हलवावी लागली. तेव्हा पूरग्रस्तांसाठी अशी प्रार्थना कुणी केलीच नाही. अमक्या घरची बाई बाळंतीण आहे, तिच्याकडे सुकं सरपण नाही, असा हेतू होता. रोजरी संपल्यावर सरपण गेलं.

शिवाय आमचं वर्ष पंचांगापेक्षा पिकाने ठरतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये बायका तेलंगणात मिरची तोडायला जातात. म्हणजे नेमका उपवासकाळ. क्रुसाच्या वाटेला आम्ही अगदी थोड्या उरतो. मग मोहफुलं, मग मे महिन्यात तेंदूपत्ता. मरियेचा महिना, आणि पहाटे चारला उठून बाया जंगलात. संध्याकाळी पुडे बांधता बांधता हात काळे झालेले असतात आणि ओठ हलत असतात. अशा वेळी आम्ही त्यांच्या अंगणात जातो. त्या पानं मोजतात आणि आम्ही मणी. एक दशक, फार तर दोन. त्यांना घरी बोलावून पूर्ण रोजरीला बसवणं हा अन्याय झाला असता. तुमच्याकडे तरुण येत नाहीत कारण ते विरारच्या गाडीत लटकत असतात. साडेसातला प्रार्थना ठेवून ते आले नाहीत म्हणून नाराज होणं बरोबर नाही, बाय. म्हणून पहिलं, नऊ वाजता ठेवा. एकच दशक ठेवा.

दुसरं, तो एकच आवाज. ज्या काकू पुढे म्हणतात त्यांचा जीव त्यात आहे, त्यांना दुखवू नकोस. पण पाच दशकं पाच जणांची, हा नियम कर. जी अडखळते तिला दे. जो मुलगा चर्चमध्ये मागे उभा राहतो त्याला दे. पुढचा अर्धा ज्याच्या वाट्याला आला तो पुढच्या आठवड्यात येतो, हे मी इथे पाहिलं आहे.

तिसरं, प्रार्थनेनंतर बाहेर पडा. जॉन वेस्लीचे मेथडिस्ट ‘वर्ग’ १७४२ साली ब्रिस्टलमध्ये सुरू झाले ते मंडळीवरचं कर्ज फेडायला आठवड्याला पेनी गोळा करण्यासाठी. बाराएक जणांचा गट, एकाने दर आठवड्याला प्रत्येकाला भेटायचं. भेटायला गेल्यावर कुणाचं काय बिनसलंय ते कळू लागलं आणि तोच आत्म्याचा सांभाळ झाला. आपल्याकडे लिजन ऑफ मेरीचंही तसंच. फ्रँक डफने १९२१ साली डब्लिनमध्ये ही संघटना सुरू केली. नियम असा, की आठवड्याच्या बैठकीत रोजरी म्हणायची आणि मग जोडीजोडीने दोन तास तरी ठरवून दिलेलं काम करायचं. इस्पितळ, तुरुंग, एकटी म्हातारी. काम केल्याचं पुढच्या बैठकीत सांगायचं. गट टिकतात ते या दोन तासांवर, असं माझं ठाम मत आहे. आपल्या पलीकडच्या गावठाणांतले क्रूस आठव, मुंबईच्या उपनगरांत १८९६ च्या प्लेगनंतर उभारलेले. माणसं मरत होती, तेव्हा रस्त्यावरच्या क्रुसापाशी लोकांनी लादीन, म्हणजे विनवण्यांची प्रार्थनामाला, म्हटली आणि अजून मे महिन्यात म्हणतात, उकडलेले चणे वाटतात. ती भक्ती घराबाहेरची, शेजाऱ्यांसमोरची होती.

फोनवरच्या रोजरीला मी नाव ठेवत नाही. २०२० मध्ये देवळं बंद होती तेव्हा आपल्याला तीच पुरली. अंथरुणाला खिळलेल्यांना आजही हवी. पण ध्वनिमुद्रण थांबत नाही ना. तू उरलेला अर्धा म्हटलास काय, न म्हटलास काय, ते पुढच्या मण्याला जातं. कुणी हुंदका दिला तर अम्मा थांबतात.

इथे एक निवृत्त मेथडिस्ट बाई आमच्यात येऊन बसतात. मरियेला विनंती करणारा भाग त्या म्हणत नाहीत, त्यांच्या श्रद्धेत ते नाही, आणि आम्हीही कधी आग्रह धरला नाही. त्या शेवटी एक स्तोत्र वाचतात, तेलुगू बायबलमधून, सावकाश, दोन वेळा. तुमच्या आळीत अशी माणसं असतील: मिस्सा सोडलेली, नवऱ्याच्या धर्मामुळे दूर झालेली, देवळाशी भांडलेली. त्यांना आपण कधी बोलावलं नाही. दार उघडं ठेवून रोजरी म्हणा आणि त्यांच्यासाठी एक खुर्ची ठेवा, पुढे त्यांना काय म्हणायचं ते ती ठरवतील.

येत्या मंगळवारी आपल्याच घरी ठेव. आईच्या कपाटात लादीनीची तिची वही आहे, निळ्या पुठ्ठ्याची. तिच्या पानांचे फोटो काढून मला पाठव, मे महिन्यात इथे म्हणायची आहे. आणि हेतू ठरवताना आपल्या शेजारच्या त्या म्हाताऱ्या मामांचं नाव घे, ज्यांच्याकडे मुलगा येत नाही. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे कोण जाणार, हे रोजरी संपायच्या आत ठरव आणि मला लिही.

तुझी,
ताई