संशय कोणावर?

तीन दिवस झाले, आपल्या वॉर्डाच्या ग्रुपवर एक फोटो फिरतोय. बागेतल्या झोपाळ्याची साखळी तुटलेली, दोन बाकांच्या फळ्या उखडलेल्या आणि बाजूला उभा असलेला बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा. त्याच्या चेहऱ्याभोवती लाल गोल. खाली लिहिलंय, "हीच ती वस्तीतली पोरं. ओळखून ठेवा."

मी दोनच प्रश्न विचारले. त्याला तोडताना कोणी पाहिलं का? आणि नगरपालिकेत किंवा पोलिसांत कोणी लेखी तक्रार दिली का? पहिल्यावर उत्तर आलं, "ताई, तुम्हाला फारच पुळका." दुसऱ्यावर उत्तरच आलं नाही.

पुळका वगैरे काही नाही. असाच लाल गोल मी एकदा एका मुलाभोवती काढलाय. मोबाइलवर नाही, मनात. म्हणून लिहितेय. थोडं लांबेल, पण वाचा.

2018 च्या सप्टेंबरात मी वर्षभरासाठी स्वयंसेवक म्हणून जर्मनीत लाइपझिगला गेले. जर्मनीने 2011 मध्ये सक्तीची लष्करी भरती थांबवली. लष्कराऐवजी दवाखान्यात, वृद्धाश्रमात सेवा करणारी पोरंही त्यामुळे बंद झाली. त्यांच्या जागी सरकारने स्वयंसेवेची योजना आणली, आणि तिच्यात परदेशातल्या तरुणांनाही जागा असते. राहायची सोय आणि थोडा हातखर्च मिळतो. माझं काम होतं मुलांच्या एका केंद्रात. शाळा सुटली की मुलं यायची. अभ्यास, टेबल टेनिस, कधी सगळ्यांनी मिळून स्वयंपाक. 2015 मध्ये आठ-नऊ लाख निर्वासित जर्मनीत आले, त्यातल्या सीरियन कुटुंबांची बरीच मुलं आमच्याकडे होती.

घरून निघतानाच आई घाबरलेली. मी पोचायच्या थोडे दिवस आधी, लाइपझिगपासून ऐंशीएक किलोमीटरवरच्या केम्निट्झमध्ये एका खुनानंतर जमाव रस्त्यावर उतरला होता आणि परदेशी दिसणाऱ्यांवर हल्ले झाले होते. आई रोज फोनवर विचारायची, "अंधार पडायच्या आत घरी येतेस ना?" हिवाळ्यात तिथे साडेचारलाच अंधार पडतो, हे तिला सांगितलंच नाही.

पहिल्या दोन महिन्यांच्या हातखर्चातून पैसे वाचवून मी 60 युरोंना जुनी सायकल घेतली. फेब्रुवारीतल्या एका सकाळी खाली आले तर पुढच्या चाकाची वाट लागलेली. कोणीतरी वरून पाय देऊन रिम पार वाकडी केली होती. आउट काढून सरळ होण्यातलं ते काम नव्हतं. सीट फाडलेली, मडगार्ड आत दाबलेलं.

पहिला विचार आला, हे माझ्या रंगामुळे. डोळ्यात पाणी आलं. दुसरा विचार दहाच मिनिटांनी आला आणि तो मला जास्त पटला. आदल्या दिवशी टेबल टेनिसची बॅट आपटली म्हणून मी एका सीरियन मुलाला सगळ्यांसमोर झापलं होतं. तेरा वर्षांचा. जाताना तो दार आपटून गेला होता. झालं, माझा निकाल लागला.

केंद्र चालवणाऱ्या बाईंना मी सांगितलं, "त्यानेच केलंय." त्यांनी विचारलं, "तू पाहिलंस?" मी म्हटलं, "नाही, पण दुसरं कोण असणार?" त्या म्हणाल्या, "मग पोलिसांत जा आणि जे पाहिलंस तेवढंच सांग."

मला वाटलं, इतक्या जुनाट सायकलसाठी पोलीस मला हाकलून देतील. त्यांनी खुर्ची दिली. सायकल कधी घेतली, कितीला, फ्रेमवरचा नंबर काय, शेवटची धड कधी पाहिली, सगळं टाइप केलं. तिथल्या कायद्यात खासगी वस्तूची अशी मोडतोड असली तर मालकाने 3 महिन्यांच्या आत कारवाईची मागणी करावी लागते. त्या कागदावर माझी सही घेतली. आणि मग विचारलं, "कोणावर संशय?"

नाव अगदी ओठांवर होतं. नुसतं उच्चारायचं होतं. तिथे 14 वर्षांखालच्या मुलावर फौजदारी खटला चालत नाही, पण निर्वासितांच्या दारात पोलीस उभे राहिले की काय होतं, हे कळायला खटला लागत नाही. बाईंचा प्रश्न आठवला. मी म्हटलं, "पाहिलं नाही. कोणावर नाही."

पोलीस मान वर न करता म्हणाला, "तुमच्या रस्त्यावरून आजची ही चौथी तक्रार."

परत आल्यावर मी पहिल्यांदा रस्ता नीट पाहिला. ओळीने सायकली लाथाडलेल्या होत्या. दोन गाड्यांचे आरसे लोंबत होते. सकाळी मला फक्त माझी सायकल दिसली होती, आणि माझ्यावर राग असणारा एक जण.

काही आठवड्यांनी सरकारी वकिलांच्या कार्यालयाचं पत्र आलं. करणारा सापडला नाही, तपास बंद. आजही मला माहीत नाही कोणी केलं. तिथे सगळं छान आहे, असं मला म्हणायचं नाही. तिथेही ट्रामच्या काचा खरवडलेल्या असतात, तिथेही पत्र येतं ते बहुतेक असंच. पण ज्यांचं नुकसान झालं ते कागद लिहायला गेले, म्हणून निदान एवढं कळलं की ते एकटीचं भांडण नव्हतं.

एक गोष्ट मात्र राहिली. मधले दोन-तीन दिवस मी त्या मुलाकडे धड बघितलं नव्हतं. सायकलचं काय झालं म्हणून त्याने आपणहून विचारलं, तेव्हा मी तुटक उत्तर दिलं. मुलांना कळतं. पुढचा आठवडाभर तो आलाच नाही. मग आला, खेळलाही, पण माझ्याशी पूर्वीसारखा कधी बोलला नाही. माफी मागायची तर मनात काय होतं ते सांगावं लागलं असतं. ते मला जमलं नाही.

आता आपल्या बागेकडे या. सार्वजनिक मालमत्तेची नासधूस केली तर 1984 च्या कायद्यात 5 वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण कायदा चालायला आधी कागद लागतो. "एनसी करून काय उपयोग" म्हणत आपण कागद टाळतो आणि निकाल ग्रुपवर लावतो. तोही नेहमी एकाच वस्तीवर. 2017 मध्ये मुंबई-गोवा तेजस एक्सप्रेस सुरू झाली, तेव्हा पहिल्याच फेरीत हेडफोन गायब झाले, स्क्रीनवर ओरखडे उठले. एसीचं तिकीट काढून बसलेली ती माणसं कोणत्या वस्तीतली होती?

झोपाळा तुटला याचा मलाही राग आहे. माझी भाची त्याच झोपाळ्यावर खेळते. उद्या सकाळी 11 वाजता मी नगरपालिकेत लेखी अर्ज घेऊन जातेय. काय तुटलंय, कधी दिसलं, तिथला दिवा किती दिवस बंद आहे, एवढंच त्यात लिहिलंय. अर्जाची पोच घेईन आणि तिचा फोटो ग्रुपवर टाकेन. सही करायची असेल त्यांनी या. कोणी खरंच काही पाहिलं असेल त्यांनी तर नक्की या.

आणि तो लाल गोलवाला फोटो डिलीट करा. आजच. तो मुलगा याच बागेत खेळायला येतो, आणि त्याच्या घरातही कोणाकडे तरी मोबाइल असेल.