खुर्चीमागचा दिवा

भिंतीवरचे दिवे म्हटले की लग्नाच्या हॉलमधली झगमग आठवते. पण वाचनालयात पुस्तकांच्या कपाटांवर असतो ना, पितळी दांड्याचा, खाली तोंड केलेल्या लांबट टोपीचा, तो दिवा घरात फार कामाचा आहे. छतावरची ट्यूब लावली की सगळं घर जागं होतं. रात्री साडेदहाला ओटा आवरून शाळेच्या वह्या घेऊन बसणाऱ्या बाईला वहीपुरता उजेड पुरतो, आणि पलीकडे सासूबाईंची झोपही मोडत नाही.

आम्ही असे तीन बसवले. एक पुस्तकांवर, एक मामंजींच्या फोटोवर आणि एक माझ्या खुर्चीमागे. “एका खुर्चीसाठी वेगळा दिवा?” असं घरात विचारलं गेलंच. ह्यांच्या पेपरासाठी खिडकीजवळची जागा कधीचीच राखीव आहे, त्याबद्दल कुणी विचारत नाही!

आणि खर्च तो काय? 5 वॅटचा एलईडी 200 तास जळतो तेव्हा एक युनिट होतं; जुना 60 वॅटचा बल्ब 17 तासांच्या आत तेवढी वीज खातो. 2700 केल्विन लिहिलेला, पिवळसर उजेडाचा घ्या. उजव्या हाताने लिहीत असाल तर उजेड डाव्या खांद्यावरून यावा, म्हणजे हाताची सावली पडत नाही. बल्ब डोळ्यांवर येता कामा नये, बटण हाताशी हवं. दिवा धातूचा, तेव्हा अर्थिंगची तार जोडून घ्याच. पावसाळ्यात ओल धरणारी भिंत तर नकोच.

हल्ली धाकटी तिथे गोष्टींचं पुस्तक घेऊन बसते. साडेदहा वाजले की मात्र मी तिला उठवते.