सम येण्याआधी

आमच्या लेकीला गाण्याची भीती कधी वाटली नाही, टाळ्यांची वाटायची. सारंगी कितीही आर्त होवो, तबल्यावर रेला सुरू होवो, ती मांडीवर अंगठा चोखत मजेत पडून असायची. पण समेवर मांडवातल्या सगळ्यांनी एकदम टाळ्या वाजवल्या की दोन्ही हात हवेत फेकायची, ओठ काढायची आणि क्षणभर श्वास कोंडून मग असा सूर लावायची, की पुढच्या चार रांगा मागे वळून बघायच्या.

ती जूनमधली. म्हणजे डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सव आला तेव्हा जेमतेम सहा महिन्यांची. ‘यंदा सवाईला जायचं’ असं मी म्हटल्यावर घरात तीन मतं पडली. सासूबाई म्हणाल्या, “अगं, थंडी केवढी असते!” माझी आई फोनवर म्हणाली, “त्यात काय, तूही गेलेली आहेस.” नवरा काही बोलला नाही, त्याला ख्याल आणि आकाशवाणीवरचं हवामान यांत फारसा फरक वाटत नाही. पिशवी मात्र त्याने उचलली, आणि ती पिशवी उचलणं हे अर्धं काम होतं.

आईचं ‘तूही गेलेली आहेस’ खरं होतं. भीमसेन जोशींनी आपल्या गुरूंच्या, म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर ऊर्फ सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ 1953 साली हा महोत्सव सुरू केला, आणि पुढची कित्येक दशकं तो रात्रभर चालायचा. शेवटच्या रात्रीनंतर उजाडताना भीमसेनजी गायला बसत. तोवर मांडवात निम्मी पोरं सतरंजीवर, शालीखाली, कुणाच्या तरी पायाशी गाढ झोपलेली असत. मीही त्यांतलीच एक. मला त्यातलं काही आठवत नाही, पण आई अजून सांगते की मला थोपटत तिने अख्खा दरबारी ऐकला.

आता रात्रभर गाणं होत नाही. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद केले. वर्षातले मोजके दिवस राज्य सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं. जुने श्रोते याबद्दल हळहळतात आणि त्यांचं बरोबरच आहे, मध्यरात्रीनंतरचे राग त्यांच्या वेळेला ऐकायला मिळणं त्यामुळे फार दुर्मिळ झालं. पण तान्हं मूल घेऊन जाणाऱ्या बाईला विचाराल, तर दुपारी सुरू होऊन दहाला संपणारा कार्यक्रम म्हणजे वरदान. मुलतानी, मारवा, पूरिया, यमन एवढा ऐवज तिच्या दुपारच्या झोपेपासून रात्रीच्या झोपेपर्यंत अगदी नीट मावतो.

महोत्सव आता पुण्यातल्या मुकुंदनगरला भरतो. खुर्च्या आहेत, सोफे आहेत आणि भारतीय बैठक आहे. आम्ही बैठकीचं तिकीट काढलं, आणि याबाबतीत माझं मत ठाम आहे: मूल बरोबर असेल तर जमिनीवरच बसावं. खुर्चीत बसलेल्या आईला मूल धरून ठेवावं लागतं. बैठकीत ते ठेवता येतं. दुपटं अंथरायचं, कडेला पिशवीचा बांध घालायचा, की झाली तिची खोली. उठून जायचं असेल तर कुणाच्या गुडघ्यांना धक्के देत, ‘सॉरी, सॉरी’ म्हणत रांग ओलांडावी लागत नाही. आपण मागच्या कडेला बसलो असलो तर दोन पावलांत बाहेर. आणि बैठकीतली माणसंही निराळी असतात. डबे उघडलेले, कुणी भिंतीला टेकून डोळे मिटलेलं, कुणी मांडीवर ताल देणारं. तिथे सगळेच थोडे घरच्यासारखे बसलेले असतात, त्यामुळे एक लंगोटवालं माणूस जास्त झालं तरी कुणाला खुपत नाही.

अगदी कुणालाच नाही असं नाही. आमच्या पुढे बसलेल्या एका काकांनी पहिल्या हुंदक्याला मान वळवली, दुसऱ्याला चष्मा काढला. तिसऱ्याची वाट न बघता मी उठले. परत आले तर शेजारच्या अनोळखी आजी दुपटं सारखं करून बसल्या होत्या. “द्या इकडे,” म्हणाल्या, “तुम्ही ऐका जरा. माझं ऐकून झालंय बरंच.” लेक त्यांच्या शालीत शिरली. काकांनी चष्मा घातला.

टाळ्यांचा प्रश्न उरला होता. उपाय एकच, टाळ्या पडायच्या आधी तिचे कान हलकेच झाकायचे. त्यासाठी टाळ्या कधी पडणार हे आधी कळायला हवं. म्हणजे सम कुठे आहे हे कळायला हवं.

मी लहानपणापासून गाणं ऐकते, पण खरं सांगायचं तर लय आपली आपण मोजत बसण्याची सवय मला नव्हती. समेवर सगळ्यांच्या माना हलल्या की माझी हलायची. आता ते परवडणारं नव्हतं. तबल्याचा ठेका पकडून मी मोजू लागले. तीनतालात नवव्या मात्रेला खाली, तिथून आठ मात्रा हातात. तिहाई सुरू झाली की सावध: तोच तुकडा तीनदा येणार आणि तिसऱ्याचं शेवटचं अक्षर समेवर पडणार. पहिल्याला हात तयार ठेवायचे, दुसऱ्याला कानाजवळ न्यायचे, तिसऱ्याला झाकायचे. सुरुवातीला मी मागे पडायचे. दुसऱ्या दिवशीच्या संध्याकाळपर्यंत मी आणि तबलजी बरोबर पोचू लागलो.

मग एका सोलो तबलावादकाने चक्रदार घेतली. चक्रदार म्हणजे अख्खी तिहाईच तीनदा. पहिली संपली, मी कान झाकले, टाळ्या नाहीत. दुसरी संपली, पुन्हा झाकले, पुन्हा नाहीत. लेकीला हा खेळ वाटला आणि ती खुदकन हसली. तिसऱ्या वेळी मी तिच्याकडे बघत राहिले आणि मांडव कोसळल्यासारख्या टाळ्या पडल्या. गंमत म्हणजे हसण्याच्या भरात ती रडायची विसरली.

विलंबित ख्यालात असली धावपळ नाही. अतिविलंबित एकतालाचं एक आवर्तन मिनिटभर चालतं. लंगोट बदलायला मला पाऊण आवर्तन लागतं, हे मी मोजून सांगू शकते. जुना सोडणं, पुसणं, नवा बांधणं, आणि गायक मुखडा घेऊन समेकडे निघाला की चेन ओढून पिशवी बंद. ज्यांना विलंबित कंटाळवाणा वाटतो त्यांनी एकदा मूल घेऊन ऐकावा. दिवसभरात तिच्याबरोबर काहीच इतकं सावकाश चालत नाही.

आवाजाबद्दल मात्र गंमत करण्यासारखं काही नाही. सासूबाईंनी निघताना कुंची घातली होती आणि कानात कापसाचे बोळे. आमच्या बालरोगतज्ज्ञांनी बोळे काढायला लावले: कापसाने आवाज फारसा अडत नाही आणि बोळा तोंडात गेला तर वेगळीच पंचाईत. तान्ह्या मुलाची कानाची नळी आखूड आणि अरुंद असते, त्यामुळे तोच आवाज, विशेषतः वरच्या पट्टीतला, मोठ्यांपेक्षा जास्त दाबाने तिच्या पडद्यापर्यंत पोचतो. कारखान्यातल्या मोठ्या माणसांसाठी आठ तासांना 85 डेसिबल ही मर्यादा धरतात, आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. 88 ला चार तास, 91 ला दोन, 94 ला एकच. हा हिशेब मोठ्यांच्या कानांचा. बाळाला त्याच्या बराच अलीकडे ठेवलेलं बरं. म्हणून आम्ही स्पीकरपासून लांब, मागे बसायचो, आणि कानांवर बसणारे मऊ गादीचे इअरमफ घेतले. ती ते दहा मिनिटं ठेवायची, मग एक काढून चोखायची. झोपली की पुन्हा चढवायचे.

फेब्रुवारीत एका मोकळ्या मैदानावर फ्युजनचा कार्यक्रम होता. कलाकार नामवंत, रंगमंचाच्या दोन्ही बाजूंना स्पीकरचे मनोरे. आत शिरल्याबरोबर छातीत ढोल वाजल्यासारखं झालं. मोबाइलवरचं आवाज मोजायचं ॲप काही तंतोतंत नसतं, पण मैदानाच्या मध्यावर त्याने 97 दाखवले. तिकिटांचे पैसे गेले. आम्ही बाहेर उसाचा रस प्यायलो आणि घरी आलो. याच कारणाने गणपतीच्या विसर्जनाला लक्ष्मी रस्त्यावर तिला न्यायचा प्रश्नच नाही. ढोल-ताशा मला प्रिय आहे, पण तो तिच्या कानांनी ऐकायचा नाही.

याच्या अगदी उलट टोकाला घरगुती बैठक. एका मैत्रिणीच्या दिवाणखान्यात तीसचाळीस माणसं, माइक नाही, दोन तानपुरे. इथे मला जास्त धाकधूक होती, कारण मांडवात रडणं हरवून जातं, दिवाणखान्यात जात नाही. तिथे तर टाचणी पडली तरी गायिका थांबेल. पण तानपुरे जुळून झाले आणि त्यांचा नाद खोलीभर झाला, तशी ती थंडावली. खर्ज तिच्या पाठीला माझ्या हातातून जाणवत असावा असं वाटलं. शास्त्र काय म्हणतं कोण जाणे. अर्ध्या आलापात ती झोपली. मध्यंतरात गायिकाबाई चहाचा कप घेऊन आमच्याकडे आल्या, तिला बघून म्हणाल्या, “एवढी प्रामाणिक दाद मला फार दिवसांनी मिळाली. आवडलं नाही तर लोक झोपत नाहीत, मोबाइल बघतात.”

वातानुकूलित सभागृहात मात्र आमची डाळ शिजली नाही. उन्हाळ्यात एका बंदिस्त नाट्यगृहात नाट्यसंगीताचा कार्यक्रम होता आणि तिकिटावर बारीक अक्षरात ‘पाच वर्षांखालील मुलांना प्रवेश नाही’ असं छापलेलं होतं. दारावरचे गृहस्थ नम्र होते आणि ठाम होते. नवरा वाद घालायच्या तयारीत होता. मला त्यांचं म्हणणं पटत होतं. अंधार, चिकटून बसलेल्या खुर्च्या, रांगेच्या मधोमध आपण, आणि कुणीतरी महिनाभर वाट बघून तिकीट काढलेलं. तिथे रडणाऱ्या मुलाला दाराबाहेर नेईपर्यंत अख्खं पद संपतं. काही जुन्या नाट्यगृहांत मागे काचेआड मुलांसाठी खोली असायची, ती कल्पना किती शहाणपणाची होती. पण ती नसेल तर पाटी योग्यच. आईच्या हौसेचं ओझं चारशे माणसांनी का उचलायचं?

सगळ्यांत सोपी निघाली ती दिवाळी पहाट, आणि तीही सवाईच्या आधी, लेक पाच महिन्यांची असताना. पुण्यात दिवाळीत जवळजवळ प्रत्येक बागेत, मैदानात पहाटेचं गाणं असतं. बाकी सगळं शहर डोळे चोळत येतं. आमची लेक चार वाजल्यापासून जागीच, अभ्यंगस्नान आटोपलेली, तेलाने चकाकणारी, नवं अंगडं घातलेली. मूल आणि आयोजक यांचं घड्याळ जुळलेला मी पाहिलेला हा एकमेव कार्यक्रम. भटियार, मग दोनचार अभंग, एखादं नाट्यपद, आणि सात-साडेसातला उन्हं आली की तिला झोप. घरी फराळाला आम्ही वेळेवर.

या साऱ्यात मी गाणं किती ऐकलं, असं मैत्रिणी विचारतात. पूर्ण असं फार थोडं. कुणाचा आलाप ऐकला आणि बंदिश बाहेर मंडपाच्या दोरीपाशी उभी राहून ऐकली, कुणाचं तराण्यापासून पुढचंच ऐकलं. एक पूरिया तर मी फक्त षड्जाला परत येण्याच्या जागांसाठी लक्षात ठेवला आहे, कारण मधल्या वेळी मी बाटली शोधत होते. पूर्वी मी कलाकार मोजायचे: आज कोण, उद्या कोण, कोण राहिलं. आता मला एक निषाद नीट लागलेला मिळाला तरी संध्याकाळ वसूल वाटते. हे वैराग्य नाही, नाइलाज आहे. पण नाइलाजातून कान जरा तीक्ष्ण झाले हे नाकारता येत नाही.

पुढच्या सवाईला ती दीड वर्षाची झाली आणि सगळं गणित मोडलं. चालणारं मूल बैठकीत बसत नाही. ती सतरंज्यांवरून, डब्यांवरून, एका गृहस्थांच्या मांडीवरून थेट रंगमंचाच्या दिशेने निघाली. मागून मी, वाकून, माफी मागत. तिला बटाटेवडा दिसला होता, तो मिळेपर्यंत कुठलाच राग चालणार नव्हता. मग आम्ही पाळ्या लावल्या. एकाने आत बसायचं, दुसऱ्याने तिला घेऊन स्टॉलपाशी फिरायचं, अर्ध्या तासाने बदल. पहिली पाळी नवऱ्याला दिली, कारण आतली जागा धरून ठेवण्यापलीकडे त्याच्याकडून काही अपेक्षा नव्हती.

अर्धा तास झाला, पाऊण झाला. तिचा वडा खाऊन झाला होता, चटणी माझ्या कुर्त्यावर होती. मी त्याला मेसेज केला: ये आता. उत्तर आलं, ‘थांब गं पाच मिनिटं. आत्ता कुठे द्रुत सुरू होतेय.’