अण्णांची वर्दी

ऋणांची यादी करायला बसलं की आई-वडील, शाळेतल्या बाई, पहिल्या नोकरीतले साहेब अशी माणसं आधी आठवतात. माझ्या यादीत एक गृहस्थ असे आहेत ज्यांना मी समोरासमोर एकदाही भेटलेली नाही. त्यांचा चेहरा पाहिलाय तो डिस्कॉर्डवरचा, नखाएवढा. पण त्यांची गाडी माझ्या आरशात आली की मी ती दिव्यांवरून ओळखायची. लांबून, एकदाच, छोटासा डिपर. मग काही नाही. स्पाच्या आभासी ट्रॅकवर, केमेलच्या सरळ रस्त्यावर उजव्या बाजूने गाडी शांतपणे पुढे निघून जायची आणि हेडफोनमधून सांगलीच्या सुरात ऐकू यायचं, "बरं झालं गड्या."

सगळे त्यांना अण्णाच म्हणायचे, मीही म्हणायची. मूळचे सांगलीकडचे, नोकरीनिमित्त जर्मनीत गेले आणि कोलोनजवळ स्थायिक झाले. न्यूर्बुर्गरिंग त्यांना तास-सव्वा तासावर. तिथला नॉर्डश्लायफ हा 20.832 किलोमीटरचा डोंगरातला जुना ट्रॅक ठरावीक दिवशी सर्वसामान्यांना पैसे भरून स्वतःची गाडी घेऊन जायला खुला असतो. त्या दिवशी तो कायद्याने साधा टोलचा रस्ताच असतो आणि देशाचे वाहतूक नियम तिथेही लागू असतात. ओव्हरटेक करायचं ते डावीकडून. सावकाश जाणाऱ्याने उजवीकडे राहायचं आणि मागचा दिसलाय हे कळवायला उजवा इंडिकेटर द्यायचा. अण्णा आपली घरची स्टेशन वॅगन घेऊन तिथे जायचे. बहुतेक वेळ उजवा इंडिकेटर चालूच असतो, असं ते स्वतःच हसत सांगायचे.

माझं संगणकावरच्या शर्यतींच्या खेळात येणं धाकट्या भावामुळे झालं. 2020 च्या लॉकडाउनमध्ये तो बेंगळुरूला अडकला आणि त्याचं लॉजिटेकचं स्टिअरिंग, पेडल्स आमच्या नाशिकच्या घरात धूळ खात राहिली. दिवसभर कॉलेजची ऑनलाइन लेक्चर्स घेऊन डोकं पिकायचं, मग रात्री मी ते टेबलाला आवळायची. त्या वर्षी जूनमध्ये होणारी ल माँची 24 तासांची खरी शर्यत सप्टेंबरपर्यंत पुढे गेली आणि 13-14 जूनला तिची आभासी आवृत्ती झाली, आरफॅक्टर टू या सिम्युलेटरवर. पन्नास गाड्या, खरे व्यावसायिक ड्रायव्हर आणि घरात बसून खेळणारे एकाच संघात. मी ती रात्रभर पाहिली. मला त्यात पुढे कोण यापेक्षा वेगवान प्रोटोटाइप आणि मंद जीटी एकाच रस्त्यावर एकमेकांना न शिवता कशा जातात याचंच जास्त कुतूहल वाटलं. त्याच सुमारास पुणे, कोल्हापूर, दुबई, न्यू जर्सी अशा ठिकठिकाणच्या मराठी मंडळींनी शनिवारी रात्री आयरेसिंग या दुसऱ्या सिम्युलेटरवर अशाच मिश्र शर्यती सुरू केल्या होत्या. तिथे अण्णा भेटले.

ज्यांनी हा प्रकार केलेला नाही त्यांना थोडं सांगायला हवं. खऱ्या गाडीत मान वळवता येते, डोळ्याच्या कोपऱ्यातून हालचाल जाणवते, मागच्या इंजिनाचा आवाज येतो. जीटी गाड्यांत तर हल्ली मागचा कॅमेरा आणि रडारही असतं, येणारी गाडी कुठल्या बाजूला आहे ते पडद्यावर दिसतं. घरात एका मॉनिटरसमोर बसलेल्याकडे यातलं फारसं काही नसतं. वर आरशाची एक पट्टी, बाजूला आकड्यांची चौकट आणि कानात "डावीकडे गाडी" सांगणारा यांत्रिक आवाज. हा आवाज गाडी शेजारी आल्यावर बोलतो. त्याच्या आधीच्या दोन-तीन सेकंदांत मागच्याला काही सांगायचं असेल तर त्याच्या हातात एकच बटण, हेडलाइटचं. त्यामुळे खऱ्या शर्यतीत दिव्याला जेवढं महत्त्व आहे त्याहून खेळात जास्त आहे.

आणि जास्त गैरवापरही आहे. नवखे लोक, आणि नवखे नसलेलेही, पुढच्याच्या बंपरला चिकटून ते बटण दाबतच राहतात. पट्टी पांढरी होते, डोळा तिकडे जातो, समोरचं वळण येऊन ठेपलेलं असतं. माझा आवाज बाईचा आहे हे पब्लिक शर्यतींत माइकवर कळलं की माझ्या मागचे दिवे जास्त लुकलुकायचे, हा माझा संशय. तो खरा आहे असं अजूनही वाटतं.

अण्णांनी यावर मला सहानुभूती दिली नाही. रविवारी सकाळी (त्यांच्या पहाटे) ते सगळ्यांना बोलावून शनिवारच्या शर्यतीची रिप्ले लावायचे आणि जिथे जिथे कुणी दिवा मारला असेल तिथे थांबवायचे. "हितं का मारला? सांग बघू." एवढाच प्रश्न. कुणाचं नाव घ्यायचे नाहीत, गाडीचा नंबर म्हणायचे. शनिवारी माझ्यामागे लागलेले दोघं-तिघं त्या प्रश्नाला उत्तर शोधताना गप्प व्हायचे. मला त्या गप्पपणाचा आनंद व्हायचा, हे लपवून काय उपयोग.

त्यांचं म्हणणं असं: दिवा ही वर्दी आहे. पाहुण्यांनी दारात येण्याआधी वर्दी पाठवावी तशी लांबून, सरळ रस्त्यावर, एकदा. तिच्यामुळे पुढचा काहीही देणं लागत नाही. त्याने लाइन सोडावी, बाजूला व्हावं, ब्रेक लावावा, यातलं काही अपेक्षित नाही. उलट त्याने आहे त्या लाइनवर, आहे त्या वेगाने जात राहावं, म्हणजे मागच्याला आपला मार्ग आखता येतो. फॉर्म्युला वनमध्ये निळा झेंडा दाखवला की एक फेरी मागे पडलेल्याला वाट द्यावीच लागते, नाही दिली तर दंड. वेगवेगळ्या वर्गांच्या लांब पल्ल्याच्या शर्यतीत तोच निळा झेंडा म्हणजे फक्त "कुणीतरी वेगवान येतंय" ही खबर. पुढे सुखरूप जाण्याची जबाबदारी मागच्याची.

स्पाच्या ट्रॅकवर ते हे सगळं जागच्या जागी दाखवायचे. ओ रूजमधून चढण घेत रेदियाँचा माथा येतो, तो आंधळा आहे, पलीकडचं दिसत नाही. तिथे दिवा मारणं म्हणजे पुढच्याला सगळ्यात अवघड क्षणी हाक मारणं. माथा ओलांडून गाडी स्थिर झाली की केमेलचा सरळ रस्ता सुरू होतो, तिथे एकदा. मग तुम्ही उजवीकडे या, तो डावीकडे आपल्या लाइनवर राहील, पुढच्या उजव्या वळणाला आतली बाजू आपोआप तुमची होते. पूआँच्या लांबलचक डाव्या उतारावर दिवा नको, ब्रेकच्या पाट्या सुरू झाल्यावर तर नकोच.

नको का, याचं कारण त्यांनी इंजिनिअरसारखं सांगितलं. मी नाशिकला, सर्व्हर परदेशात, पिंग दीडशे मिलिसेकंदांच्या घरात. म्हणजे माझी खबर दुसऱ्यापर्यंत पोचायला सेकंदाचा सातवा-आठवा हिस्सा लागू शकतो. ताशी 250 किलोमीटरने जाणारी गाडी तेवढ्यात दहा मीटर पुढे गेलेली असते, दोन गाड्यांच्या लांबीएवढी. ही फट सॉफ्टवेअर अंदाजाने भरतं: गाडी अशी चालली आहे, तर आत्ता इथे असेल. सरळ, एकसारखं चालवणाऱ्याचा अंदाज बरोबर येतो. दिव्याने दचकून ज्याने स्टिअरिंगला झटका दिला त्याचा अंदाज चुकतो, आणि मग दोन गाड्या शिवल्या नसतानाही धडकतात. आयरेसिंगमध्ये चूक कुणाची हे यंत्र बघत नाही. जोरात टक्कर झाली की चार दोषगुण दोघांच्याही नावावर. "म्हंजी बघ," अण्णा म्हणायचे, "त्याला घाबरवून तू तुझंच गणित बिघडवतोस."

आपसातल्या लढतीत, म्हणजे एकाच वर्गात जागेसाठी झुंज चालू असताना, दिव्याला ते पूर्ण विरोधात होते. कुठल्याही नियमात तो गुन्हा नाही. अण्णांच्या लेखी होता. त्याच्याशी तुझं भांडण आहे, तो तुला वाट का देईल, वर्दी कसली पाठवतोस? इथे मी त्यांच्याशी वाद घालायची. खरे ड्रायव्हरही दबाव टाकायला दिवे वापरतात, मग आम्ही काय पाप केलं? ते म्हणायचे, वापरू देत, पण मग खऱ्या वर्दीला कुणी किंमत देणार नाही. हा वाद कधी मिटला नाही. मला आजही वाटतं की शेवटच्या फेरीत एखादा डिपर चालून जातो.

आमच्यात एक गंमतही व्हायची. आपल्याकडे घाटात समोरून येणाऱ्या ट्रकने डिपर मारला तर आपण काय समजतो? मी येतोय, तू तिथेच थांब. ब्रिटनमध्ये समोरच्याने तसाच दिवा दाखवला तर बहुतेक लोक समजतात, या, आधी तुम्ही. तिथल्या हायवे कोडमध्ये मात्र लिहिलंय की दिवा फक्त आपण इथे आहोत हे कळवण्यासाठी, त्याला आमंत्रण समजू नये. जर्मनीत गावाबाहेर ओव्हरटेक करण्याआधी थोडक्यात दिवा किंवा हॉर्न द्यायला कायद्याची परवानगी आहे. पण मागे चिकटून सतत दिवे मारलेत तर जबरदस्तीचा फौजदारी गुन्हाही होऊ शकतो. या तिन्ही देशांतले लोक रात्री एकाच आभासी रस्त्यावर एकमेकांच्या मागे लागलेले असतात. एकाने "येतोय" म्हटलं, दुसऱ्याने "या" ऐकलं, तिसऱ्याला शिवी वाटली. शर्यतीआधी पाच मिनिटं बोलून घ्यायची पद्धत आमच्याकडे अण्णांनी पाडली ती यामुळेच.

आता ऋणाचं. अण्णांच्या रेटिंगने त्यांना वेगवान वर्गात सहज जागा मिळाली असती, अधूनमधून ते तिथे बसायचेही. पण पूर्ण सीझन त्यांनी मंद गाडीत काढला, माझ्याच वर्गात, मुद्दाम. ज्याला मागे टाकून पुढे जायचंय त्याने आधी मागे टाकलं जाणं शिकावं, असं त्यांचं मत होतं. ल माँला 2024 मध्ये 62 गाड्या होत्या, त्यात 23 हायपरकार (सगळ्यात वेगवान प्रोटोटाइप) आणि 23 जीटी. हायपरकारची फेरी साडेतीन मिनिटांच्या आसपास, जीटीची चार मिनिटांच्या. म्हणजे सात-आठ फेऱ्यांमागे प्रत्येक हायपरकार जीटीवाल्याच्या आरशात येणार, रात्रीसुद्धा. तिथे वर्षानुवर्षं जीटीचे दिवे पिवळे आणि प्रोटोटाइपचे पांढरे ठेवायची रीत आहे. आरशात पांढरं दिसलं की पुढच्याने ओळखावं, हा माझ्या वर्गातला नाही, याच्याशी माझं भांडण नाही. चोवीस तासांत शेकडो वेळा मागे टाकलं जाऊन जो आपली लाइन सोडत नाही, तो जीटीवाला त्या शर्यतीचा कणा आहे. टीव्हीवर त्याला कुणी दाखवत नाही.

त्या सीझनभर अण्णा माझ्या पुढे चालायचे आणि मला त्यांच्या गाडीचं मागचं अंग बघायला लावायचे. मागून प्रोटोटाइप आली की त्यांची गाडी हलायची नाही. प्रोटोटाइप पूर्ण पुढे गेली की अण्णा एकदा दिवा दाखवायचे: तू सुटलास, आता आत ये. युरोपातले ट्रकवाले रात्री एकमेकांना हे करतात, तिथून त्यांनी उचललं होतं. पुढे गेलेला क्वचित आभार मानायचा. बहुतेक जण मानायचे नाहीत. अण्णांना त्याचं काही वाटायचं नाही आणि मला मात्र दर वेळी त्यांच्यासाठी राग यायचा.

आज मी वेगवान वर्गात चालवते. रोज रात्री कितीतरी अनोळखी लोकांना मागे टाकते. कुणी ब्राझीलचा, कुणी फिनलंडचा. त्यांतले जे आपल्या लाइनवर टिकून राहतात त्यांच्यामुळे माझी फेरी वाचते. तो सीझन मंद गाडीत काढला नसता तर हे मला दिसलंही नसतं. अण्णांचे पैसे, ओळख, शिफारस, यातलं मी काहीच घेतलेलं नाही. रविवारच्या सकाळी तेवढ्या घेतल्या, त्यांच्या झोपेतून कापून.

गेल्या वर्षापासून अण्णा शर्यतीला येत नाहीत. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, स्क्रीनकडे फार वेळ बघायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय. कधीतरी नुसते ऐकायला येतात. रिप्लेचं काम माझ्याकडे आलं आहे. आमच्यात कुणाला यायचं असेल तर जरूर या, गाडी मंद असली तर उत्तमच. फक्त रिप्लेची फाइल शनिवारी रात्रीच पाठवून ठेवा. मोठी असते, सकाळी चढायला फार वेळ लागतो.